आसूड आणि पंच

सातारा-सांगलीच्या माळांवर खिल्लार जोड्या पुन्हा धावू लागल्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडी शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा २०१७ चा दुरुस्ती कायदा वैध ठरविला. परंतु ही मुभा सशर्त आहे. गाडीवानाने काठी, चाबूक वा विजेचा धक्का देणारे साधन वापरावयाचे नाही. वापरल्यास शिक्षेची तरतूद आहे.

तेव्हा प्रश्न नियमाचा नसून अंमलाचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कागदावर मिळते. आसूड उगारला जातो तो मैदानात, पंच, संयोजक आणि प्रेक्षक यांच्या डोळ्यांदेखत. खटल्याचा निकाल लागेपर्यंत बक्षीस केव्हाच घरी पोहोचलेले असते. म्हणून आसूड उगारणाऱ्याची जोडी, ती पहिली आली तरी, पंचांनी जागच्या जागी बाद करावी. बक्षीस हुकू लागले की हात आपोआप आवरेल. बेंदराला ज्याची पूजा करावयाची, त्याच्याच पाठीवर वळ उठवून मिळविलेली ढाल कोणत्या अभिमानाने मिरवावयाची?