वाऱ्यालाही वाट हवी

दिवाळी आटोपली, सुगीचे पैसे हाती आले, की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे जुनी घरे उतरवण्याची लगबग सुरू होते. माळवद काढायचे आणि स्लॅब टाकायचा. घर पक्के व्हावे ही इच्छा रास्तच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने लादलेली माळवदे झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. हिंगोली जिल्ह्यानेही २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के अनुभवले. तेव्हा ‘पूर्वीचेच बरे होते’ म्हणून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

पण माळवदाबरोबर आपण आणखी एक गोष्ट उतरवून टाकतो. माळवदाला साणे असे. उजेड यावा, धूर जावा म्हणून छतात ठेवलेले भोक. खोलीतली तापलेली हवा तिथून वर निघून जाई आणि ओसरीच्या दारातून नवी हवा आत येई. इराणमधल्या यझ्द शहरात याच कामासाठी घरांवर ‘बादगीर’ नावाचे उंच मनोरे बांधलेले आहेत. वाऱ्याला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी, एवढे शहाणपण दोन्हीकडे होते.

बँकेत असताना गृहकर्जाच्या पुष्कळ फायली माझ्या टेबलावरून गेल्या. इस्टिमेटात सिमेंट, सळई, फरशी, गेटची नक्षीसुद्धा असे. वाऱ्याची नोंद मात्र कुठे दिसली नाही. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेली, मधल्या खोलीला एकच दार, आणि ती खोली नेमकी आजीच्या वाट्याला. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती ऊब खोलीत सोडत राहतो. म्हाताऱ्या जिवाला ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही, जिवावर बेतणारी आहे.

मग कूलर येतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. आतली हवा बाहेर गेली नाही, तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. म्हणून कूलर बाहेरच्या खिडकीत हवा आणि समोरच्या टोकाची खिडकी उघडी हवी. जिकडची खिडकी उघडी, तिकडे गारवा वाहतो. पुढच्या खोलीतला कूलर आजीच्या खोलीपर्यंत पोचवायचा असेल, तर तिच्या दारावर जाळी आणि पलीकडच्या भिंतीत किंवा छतालगत हवा जायला झरोका ठेवावा. त्याला झडप असावी. कारण एसी लावायचा झाला तर नियम उलटा, तिथे फटी बंद लागतात.

गच्चीवर डक्ट कूलर बसवायचा असेल, तर पत्र्याच्या नळीचा मार्ग नकाशातच ठरवावा. नळी आखूड, वळणे थोडी, सांधे घट्ट आणि उन्हात येणारा भाग गुंडाळलेला असावा. नाहीतर गारवा वाटेतच संपतो.

हे सारे आधी ठरवायचे, कारण नंतर भोके पाडणे महागात पडते आणि धोक्याचेही असते. वजन पेलणाऱ्या भिंतीत, कोपऱ्याजवळ किंवा बीममध्ये मिस्त्रीने हातोडा घातला, तर भूकंपाच्या भीतीने बांधलेले घर आपणच कमकुवत करतो. भोक कुठे चालेल, हे इंजिनिअरला विचारावे.

घरातल्या बायकांनाही विचारावे. दुपारी चुलीजवळ, गॅसजवळ कोण उभे असते? तिच्या डोक्यावरची वाफ कुठून जाणार? नकाशावर सही करण्यापूर्वी प्रत्येक खोलीत पेन्सिलीने दोन बाण काढा, एक वारा यायचा आणि एक जायचा. ज्या खोलीत दुसरा बाण काढता येणार नाही, तो नकाशा परत करा. कागदावरची रेघ खोडायला पैसे पडत नाहीत.