समीक्षेचे नियम आणि आजीची ओवी

पुणें-नगर रस्त्यावरील सुप्याहून एखादी मुलगी एम्. ए. करण्यास पुण्यास निघाली कीं, घरांतील वडीलधारे विचारतात, “समीक्षेचे सिद्धान्त शिकून पुढें काय?” प्रश्न वावगा नाहीं, पैसा घरचाच जातो.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथांतील संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम ती पाठ करील. तेवढ्यानें परीक्षा साधेल, समीक्षा नव्हे. आजीस येणाऱ्या जात्यावरच्या ओवीस ते लावून पाहावे. विरोध सांपडेल, समतोलही सांपडेल. पण माहेरची ओढ त्यांत मावते काय? रा. भा. पाटणकरांनीं ‘सौंदर्यमीमांसें’त (१९७४) अलौकिकतावाद व लौकिकतावाद हे दोन्ही ध्रुव मानले. त्यांचें म्हणणें मग तिला घोकावें लागणार नाहीं. सुटींत घरीं येईल तेव्हां तिनें ही शंका आजीपुढेंच काढावी.