खोली पाहताना रस्ता पाहावा

(द्वितीय वर्ष, कला)

गावाकडून शिकायला पुण्यात येणाऱ्या मुलामुलींना खोली शोधताना जो तो सल्ला देतो. पाणी किती वेळ येते ते विचार. खानावळ जवळ आहे का पाहा. अनामत किती, लाईटबिल वेगळे का, घरमालकीण खाष्ट तर नाही ना, याची शेजारीपाजारी चौकशी कर. हे सगळे सल्ले चांगलेच आहेत. पण मला मात्र एकानेही असे विचारले नाही, की बाई, त्या खोलीपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता कसा आहे आणि तू रोज येणार कशाने? माझे म्हणणे असे, की हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. जिच्याजवळ वाहन म्हणून फक्त सायकल आहे, तिने तर तो विचारल्याशिवाय भाड्याचा आकडासुद्धा ऐकू नये.

हे शहाणपण मला आधी सुचलेले नाही. हात मोडून घेतल्यावर सुचले.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात. गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी चार किलोमीटरवरच्या गावी जावे लागते. माझी मोठी बहीण सातवी झाली आणि घरी बसली. अभ्यासात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. तिच्या वेळी आमच्या घरी कोणाला काही योजना वगैरे ठाऊक नव्हते. माझ्या वेळी शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितले, की मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना शासन सायकलीसाठी पैसे देते. २०१९ साली मला सायकल मिळाली. रस्ता तोच, शाळा तीच. मी शिकले आणि ताई राहिली. म्हणून पुण्याला येताना ती सायकल मी मागे ठेवली नाही. ओळखीच्या एका टेम्पोत पोत्यांवर घालून ती पुण्यात आणली.

२०२४ च्या जूनमध्ये आबा आणि मी खोली पाहायला आलो. माझा चुलतभाऊ नऱ्हे भागात एका कारखान्यात कामाला आहे. त्याने तिथलीच एक खोली पाहून ठेवली होती. तिघींत एक खोली, माणशी अडीच हजार रुपये. आबांना भाडे परवडण्यासारखे वाटले, मला खिडकी आवडली. तो दिवस रविवार होता आणि आम्ही भावाच्या मोटारसायकलवरून दुपारी गेलो होतो. आमची चूक झाली ती इथेच. खोली रविवारी दुपारी पाहू नये. सोमवारी सकाळी, ज्या वेळेला आपल्याला निघायचे आहे त्याच वेळेला, ज्या वाहनाने जायचे आहे त्याच वाहनाने जाऊन पाहावी.

सोमवारी मला रस्ता दिसला. नऱ्ह्याहून शहरात यायचे म्हणजे आधी नवले पुलापाशी मुंबई–बेंगळूरू महामार्ग ओलांडायचा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून महामार्ग जो उतरत येतो तो या पुलापर्यंत उतरतच असतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी त्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती, हे मला खोली घेतल्यानंतर कळले. पूल मागे पडला, की पुढे सिंहगड रस्ता. २०२४ साली त्याच्यावर उड्डाणपुलांचे काम चालू होते. मधला भाग पत्रे ठोकून बंद केलेला, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून बसगाड्या, टँकर, रिक्षा आणि मी. एका बाजूने नऊ-दहा किलोमीटर. गावाकडचे चार किलोमीटर मी गाणी म्हणत जात असे. इथे श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

मी तो रस्ता सतरा दिवस चालवला. अठराव्या दिवशी पाऊस होता. डाव्या कडेला एका चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वीतभर खाली होते. ते पाण्याखाली गेल्यामुळे दिसले नाही. पुढचे चाक आत गेले आणि मी बाहेर पडले. मागून येणाऱ्या बसवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहिते आहे. उजवे मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होते. सायकल जिन्याखाली गेली आणि मी बसने येऊ लागले. बस, मग बदलून दुसरी बस, उशीर झाला तर वाटून घेतलेली रिक्षा. दिवसाचे तीन तास त्यात जात. साडेसातचा पहिला तास बुडू लागला. हजेरीच्या यादीत नाव लागले तेव्हा आबांचा फोन आला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘कॉलेज परभणीतबी हाय. ये निघून.’’

त्या रात्री मी वही घेऊन हिशोब मांडला. खोलीचे भाडे अडीच हजार. बस-रिक्षाचे महिन्याला अकराशे. खानावळीची वेळ चुकल्यामुळे बाहेर खाल्लेल्या वडापावचे चारशेच्या वर. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आम्ही ज्याला भाडे म्हणत होतो ते अर्धेच भाडे होते. उरलेले अर्धे मी रस्त्याला देत होते, वर तीन तास फुकट.

मार्ग दाखवला तो कॉलेजातल्या एका शिपाईमामांनी. ते गेली कित्येक वर्षे कर्वेनगरहून सायकलवर येतात. माझा हात पाहून त्यांनी सगळी हकीकत विचारली आणि म्हणाले, ‘‘पोरी, नदीच्या कडेनं ये. चढ नाही, ट्रक नाही, आणि पूल एकच.’’

या एका वाक्यात पुण्याचा सगळा भूगोल आहे, असे मला आता वाटते. पुण्यात टेकड्या आहेत आणि नदी आहे. सायकलवाल्याने टेकडीला वळसा घालावा आणि नदीची सोबत धरावी. पाणी जसे सपाटीने जाते तशी सायकलही सुखाने जाते. लॉ कॉलेजच्या बाजूला जुन्या कालव्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याला लोक अजून कॅनॉल रोड म्हणतात. तिथे सायकल मारून पाहा. कालवा खणणाऱ्याने उतार इतका हळू ठेवलेला असतो, की पायाला तो जाणवतही नाही. दुसरी गोष्ट पुलांची. पलीकडच्या काठावरून येणाऱ्याला नदी ओलांडल्याशिवाय पेठांत येता येत नाही, त्यामुळे आपल्या वाट्याला कोणता पूल येतो यावर आपली सकाळ ठरते. डेक्कनजवळचा बाबा भिडे पूल सोयीचा, पण खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो. ज्याचा रोजचा रस्ता त्या पुलावरून आहे त्याने पावसाळ्यापुरती दुसरी वाट आधीच शोधून ठेवावी.

मी दिवाळीनंतर कर्वेनगरला राहायला आले. राजाराम पुलापासून म्हात्रे पुलापर्यंत नदीकाठाने डी. पी. रस्ता जातो. म्हात्रे पूल ओलांडला की नवी पेठ. खोलीपासून कॉलेजपर्यंत पंचवीस मिनिटे. हा रस्ता स्वर्ग नव्हे. त्याच्या कडेला लग्नाची लॉन्स ओळीने उभी आहेत. लग्नसराईत संध्याकाळी घोडा, बँड, वरमाईची गाडी आणि फटाके यांतून वाट काढावी लागते, आणि नवरदेवाकडचा कोणीतरी हमखास आपल्यालाच बाजूला व्हायला सांगतो. पण वरातीने कोणाचे हात मोडत नाहीत.

घरमालकीण काकूंनी सायकल म्हटल्यावर कौतुकाने विचारले, ‘‘गिअरची का?’’ ‘‘नाही काकू, शाळेतली,’’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. तरी त्यांनी जिन्याखाली जागा दिली. हेही खोली घेताना बोलून घ्यावे. रात्री सायकल कोठे उभी राहणार हे न ठरवता घेतलेल्या खोलीत चार दिवसांनी ‘येथे सायकली लावू नयेत’ अशी पाटी लागते, असा एका मैत्रिणीचा अनुभव आहे.

भाडे मात्र चार हजार. दीड हजार जास्त. हे ऐकून आबा गप्प बसले होते. बस-रिक्षा आणि वडापाव मिळून दीड हजार वाचतातच, हे मी त्यांना वहीतून वाचून दाखवले. त्यांचा विश्वास बसला नाही. कारण भाडे एकदम द्यावे लागते आणि बसचे पैसे सुटे सुटे जातात, दिसत नाहीत. खरा विश्वास बसला तो पुढच्या महिन्यात. जे दोन तास रोज वाचू लागले त्यात मी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून ग्रंथालयात काम घेतले. नऱ्ह्यात राहून हे काम मला करताच आले नसते. पहिले पैसे आले तेव्हा मी घरी पाठवले नाहीत. नवे टायर, ट्यूब आणि मागचा लाल दिवा घेतला.

काही जण म्हणतात, सायकल हे गरिबाचे वाहन, नोकरी लागली की सुटेल. असेल. पण नोकरी लागेपर्यंतची पाच-सात वर्षे कॉलेजला कसे यायचे? आणि सायकल हे फक्त गरिबाचेच वाहन आहे असेही पुण्यात दिसत नाही. रविवारी पहाटे खडकवासल्याकडे, सिंहगडाच्या पायथ्याकडे महागड्या सायकलींचे थवे जाताना मी पाहिले आहेत. त्यांतले काही जण घर घेतानाच सकाळच्या फेरीला सोयीचा रस्ता पाहतात म्हणे. मला त्याचे हसू येत नाही. त्यांना जे कळले ते आम्हाला कळले नाही. पण त्यांचा रस्ता रविवारचा आहे, माझा सोमवारचा. रविवारचा रस्ता नाही आवडला तर बदलता येतो.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आमचे एक सर अजून त्या आठवणी सांगतात. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या रस्त्यांचे जाळे सुचवले आहे. आराखडा चांगला आहे. पण खोली शोधणाऱ्या मुलीने नकाशातली रेघ पाहून खोली घेऊ नये; त्या रेघेवर रिक्षाथांबा आहे की भाजीची हातगाडी, हे स्वतः पाहून यावे. नेदरलँड्सच्या लोकांना सायकलचे वेड जन्मजात असते, असे मला वाटे. तेथे १९७१ साली चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि रस्ते बदलू लागले, हे भूगोलाच्या तासाला कळले. रस्ते आपोआप तसे झाले नाहीत.

इथपर्यंत लिहून मी हा लेख माझ्या जुन्या खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवला. ती नऱ्ह्यातच राहते. शिकत नाही, एका दुकानात काम करते. तिच्याही गावाकडच्या घरी सायकल आहे. ती म्हणाली, ‘‘तुझं बरोबर आहे. पण मला दीड हजार जास्त कोण देणार? आणि माझं दुकान तर हडपसरला आहे. मी कोणत्या नदीच्या कडेने जाऊ?’’

याचे उत्तर माझ्याजवळ नाही. जिथे खोल्या स्वस्त आहेत तिथले रस्ते सायकलला सर्वांत वाईट, आणि जिथे रस्ते बरे तिथे सायकलवर जाणाऱ्यांना राहणे परवडत नाही, असा हा उलटा व्यवहार आहे. नऱ्ह्यातल्या आमच्या इमारतीचे रखवालदार काका रात्रपाळीला सायकलवरच येत. नवले पुलाखालून, दिव्याशिवाय. ते खोली निवडायला कधी गेले नसतील. काम जिथे मिळाले तिथे ते गेले. माझा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी रस्ताच बदलावा लागेल. पण जिला दोन खोल्यांतून एक निवडता येते, तिने तरी डोळे झाकून निवडू नये.

आणखी एक मागणी आहे. प्रवेशाच्या वेळी आपल्या कॉलेजच्या फलकावर खोल्यांचे पत्ते लावले जातात. त्या पत्त्यांपुढे भाड्याबरोबर रस्त्याचीही चार अक्षरे लिहावीत: किती किलोमीटर, चढ आहे का, महामार्ग ओलांडावा लागतो का, संध्याकाळी सातनंतर दिवे असतात का. ही माहिती वर्गावर्गांतून एका आठवड्यात गोळा होईल. आणि सायकलस्टँडवरच्या मोटारसायकली हलवल्या, तर सायकली लावायला जागाही होईल.

येत्या जूनमध्ये गावाकडून ज्या मुली येतील त्यांनी मला ग्रंथालयात भेटावे. दुपारी तीन ते पाच मी तिथे असते. खोली ठरवण्याआधी सांगितले, तर सकाळी सातला मी सायकल घेऊन त्यांच्याबरोबर तो रस्ता पाहायला येईन. फक्त रविवारी बोलावू नये.