आरसा तपासणाऱ्याला कोण तपासणार?

दुर्बीण म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अजूनही जहाजाच्या कप्तानाच्या हातातली पितळी नळी येते. मोठ्या दुर्बिणींचा मात्र त्या नळीशी फारसा संबंध उरलेला नाही. आजची मोठी दुर्बीण म्हणजे मुळात एक आरसा. न्यूटनने १६६८ साली बनवलेल्या पहिल्या आरशाच्या दुर्बिणीत तो दीड इंचाहूनही लहान होता. आज अमेरिकेतली विद्यापीठे, जपान, कॅनडा आणि आपला भारत हे भागीदार जी दुर्बीण उभारू पाहत आहेत, तिच्या आरशाचा व्यास तीस मीटर असणार आहे.

या ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’च्या बातम्या अधूनमधून येतात. हवाई बेटांवरचा मौना केया पर्वत तिच्यासाठी निवडला गेला. तिथल्या मूळ रहिवाशांना तो पर्वत पवित्र आहे, म्हणून २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये त्यांनी रस्ता अडवून धरला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने हा प्रकल्प पुढच्या टप्प्यात न नेण्याचे ठरवले. त्याच वर्षी जुलैत स्पेनने ‘आमच्या ला पाल्मा बेटावर या, चाळीस कोटी युरोपर्यंत देऊ’ असा प्रस्ताव ठेवला. भारत सरकारने या प्रकल्पातल्या सहभागाला २०१४ मध्ये मंजुरी दिली होती, म्हणजे यात आपलाही पैसा आहे. पर्वत कोणता आणि पैसा कोणाचा, या दोन प्रश्नांवर भरपूर शाई खर्च झाली. तिसऱ्या प्रश्नाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. बनवलेला आरसा बरोबर आहे, हे कोण ठरवणार?

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. माझी नोकरी बँकेत गेली आणि त्या नोकरीत मी आयुष्यभर जे पाहिले, त्याचाच हा प्रश्न आहे.

आधी आरसा कसा तपासतात ते पाहू. पुण्याच्या ‘आयुका’त शाळकरी मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून एकीवर एक घासत राहायच्या. वरची चकती हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. मग बारीक, आणखी बारीक पूड. शेवटी डांबरासारख्या मऊ थरावर पॉलिश. हाताने केलेल्या या कामाची परीक्षा घ्यायला फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५८ च्या सुमारास एक युक्ती काढली. आरशासमोर प्रकाशाचा बारीक ठिपका ठेवायचा आणि परतणारे किरण जिथे एकत्र येतात तिथे दाढीच्या ब्लेडसारखी धार आडवी सरकवायची. आरशावर जी सावली पडते तिच्यात केसाच्या शेकडो पट लहान उंचवटे आणि खळगे डोंगरदऱ्यांसारखे उठून दिसतात. आरसा नळीत बसवल्यावर पाठीमागचे तीन स्क्रू पिळून तो नेमका समोर बघेल असा करायचा, आणि मग एखाद्या ताऱ्यावर रोखायचा. तारा टिंबासारखा दिसला तर काम फत्ते. शेवटचा परीक्षक आकाशातला तारा, आणि त्याला वशिला लावता येत नाही.

हीच गोष्ट कोट्यवधी डॉलर खर्चून करताना काय होते, ते १९९० मध्ये जगाने पाहिले. २४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात गेली. तोवर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च झाले होते. दोन महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, नासाला जाहीर करावे लागले की चित्रे धूसर येत आहेत. २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला हवा त्याहून सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. दोन मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा चाळीस-पन्नासावा भाग.

गंमत अशी की आरसा अतिशय काटेकोरपणे घासलेला होता, फक्त चुकीच्या आकाराला. कनेक्टिकटमधल्या पर्किन-एल्मर कंपनीने ज्या उपकरणाच्या आधारे तो घासला, तेच चुकलेले होते. त्यातले एक भिंग ठरल्या जागेपासून १.३ मिलिमीटर सरकले होते. मोजपट्टीच्या टोकावर बसवलेल्या टोपीवरचा काळा रंग एका ठिकाणी उडाला होता. अंतर मोजणारा प्रकाश पट्टीच्या टोकावरून परतण्याऐवजी त्या टोपीवरून परतला. भिंग जागेवर बसेना, म्हणून खाली साधे वॉशर घालून ते बसवण्यात आले. तराजूच खोटा निघाल्यावर दुकानदार कितीही प्रामाणिक असून काय उपयोग?

पण खरी मेख पुढेच आहे. कंपनीकडे आणखी दोन उपकरणे होती आणि त्या दोन्हींवर चूक दिसली होती. ती उपकरणे कमी अचूक मानली जात, म्हणून त्यांची साक्ष बाजूला सारली गेली. कामाला उशीर झाला होता, खर्च वाढला होता. नोव्हेंबर १९९० मध्ये आलेल्या ल्यू अ‍ॅलन यांच्या चौकशी समितीच्या अहवालाने बोट ठेवले ते यावरच. चूक दाखवणारे आकडे हाताशी होते. ते का जुळत नाहीत, हे कोणी विचारले नाही. वास्तविक निविदेच्या वेळी कोडॅक आणि आयटेक या दोन कंपन्यांनी ‘आम्ही एकमेकांचे काम तपासू’ असा प्रस्ताव दिला होता. तो स्वीकारला गेला नाही. कोडॅकने घडवलेला बदली आरसा आज अमेरिकेच्या एका संग्रहालयात प्रदर्शनाला ठेवलेला आहे.

हे सारे वाचताना मला बँकेतली ‘सस्पेन्स’ नावाची खतावणी आठवते. दिवसाअखेर दोन बाजू जुळल्या नाहीत, तर फरकाची रक्कम तात्पुरती त्या खात्यात टाकायची. शोध उद्या घेऊ. एका शाखेत असा साडेअकरा रुपयांचा फरक वर्षानुवर्षे पडून असलेला मी पाहिला आहे. लहान रक्कम म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नसे. एका नव्या तपासनिसाने तो उकरला, तेव्हा कळले की साडेअकरा रुपये ही दोन मोठ्या चुकांची एकमेकींतून वजाबाकी होती! म्हणूनच बँकेने फार पूर्वी काही गोष्टी पक्क्या करून ठेवल्या. तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडे. नोंद लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. यात माणसावर अविश्वास नसतो. प्रामाणिक माणसालाही स्वतःची चूक दिसत नाही, एवढे साधे ज्ञान त्यामागे असते.

नासाने धडा घेतला, हे मान्य करायला हवे. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा अवकाशात उतरून हबलमध्ये नवा कॅमेरा आणि नाण्यांएवढ्या छोट्या आरशांचा ‘चष्मा’ बसवला. आरसा नेमका किती चुकला आहे ते मोजता आले, म्हणून चष्म्याचा नंबर काढता आला. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण निघाली, ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर जाणार होती. तिथे दुरुस्तीला कोणी पोहोचणार नव्हते. म्हणून २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या प्रचंड निर्वात कोठीत अवकाशातल्यासारख्या थंडीत तिच्या आरशांची सुमारे तीन महिने परीक्षा झाली. वर गेल्यावर सोन्याचा मुलामा दिलेले अठरा षट्कोनी आरसे एका ताऱ्याकडे वळवले, तर त्या एकाच ताऱ्याची अठरा चित्रे उमटली. मग १३२ लहान मोटरी काही आठवडे आरसे कणाकणाने हलवत राहिल्या. घरच्या दुर्बिणीचे तेच तीन स्क्रू, फक्त १३२! मार्च २०२२ मध्ये अठरा तारे एक झाले.

आता आपल्याकडे वळू. तीस मीटर दुर्बिणीच्या आरशाचे ४९२ तुकडे असतील, प्रत्येक सुमारे १.४४ मीटरचा. भारताच्या वाट्याचे तुकडे पॉलिश करण्यासाठी बंगळूरजवळ होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आवारात सोय उभी राहिली. याच संस्थेने कवलूरच्या २.३४ मीटर दुर्बिणीचा आरसा देशातच घासून दाखवला होता. ती १९८६ मध्ये सुरू झाली. कसब आपल्याकडे आहे, यात शंका नाही. ४९२ तुकडे वेगवेगळ्या देशांत घडणार असतील, तर एकाचे माप दुसऱ्याने पडताळणे भागच पडते. आपल्या कारागिरांना यातून ही सवय लागली, तर काचेपेक्षा मोठी कमाई तीच ठरेल.

कारण दुर्बिणीचा आरसा चुकला तर चित्र धूसर येते, एवढेच. जमिनीवरच्या चुका माणसे घेऊन जातात. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी लोकांसाठी उघडला आणि ३० ऑक्टोबरला कोसळला. १३५ जीव गेले. पूल खुला करण्यापूर्वी योग्यतेचे प्रमाणपत्र घेतलेच नव्हते, असे नगरपालिकेने नंतर सांगितले. ज्याने दुरुस्ती केली, त्याच्याच शब्दावर लोक पुलावर चढले होते.

आपल्याकडे तपासणीला खर्चाचा फाजील भाग समजतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरते, पैसा कमी पडला की पहिली कात्री तपासणीला लागते आणि ‘अहो, काम करणारे अनुभवी आहेत’ असे म्हणून विषय संपतो. पर्किन-एल्मरचे लोकही अनुभवीच होते. तेव्हा मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात त्रयस्थ तपासणीचे कलम वेगळे असावे, ते कोणाला कापता येऊ नये, आणि दोन मोजण्या जुळल्या नाहीत तर काम तिथेच थांबावे. जो आकडा जुळत नाही, तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. त्याला सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याची चैन अमेरिकेलाही परवडली नाही. आपल्याला तर मुळीच परवडणारी नाही.