अर्ध्या तासाचे कोकण

परवा एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत असता एका मित्राने मोठ्या ऐटीत सांगितले, "कोल्हापूरहून चिपी म्हणजे विमानाने अर्धा तास!" आम्ही सगळे हरखलो. मी मात्र घरी येऊन नकाशा आणि पट्टी घेऊन बसलो, कारण आईचे माहेर कुडाळ तालुक्यात घोटग्याला आहे.

उजळाईवाडी ते चिपी हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते. ताशी पाचशेच्या वेगाचे लहान विमान ते पंधरा मिनिटांत कापील; धावपट्टीवरचे धावणे, चढणे-उतरणे धरून अर्धा तास. मित्राचे गणित बरोबरच होते! फक्त असे विमान नाही. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. चिपीचा ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला. दोघे शेजारी, पण एकमेकांकडे थेट जाणे-येणे नाही.

समजा, उद्या विमान सुरू झाले. गारगोटीहून उजळाईवाडी पन्नासेक किलोमीटर, म्हणजे दीड तास. तिथे तासभर आधी हजर व्हायचे. मग तो सुप्रसिद्ध अर्धा तास. चिपीला उतरून सामान घ्या, रिक्षा शोधा, कुडाळ गाठा, आणखी तास. झाले की चार तास! राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट या वाटेने जीपही जवळपास तेवढ्याच वेळात कुडाळला पोचते, आणि तिकिटाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

कुणी म्हणेल, हा विमानाचा द्वेष आहे. मुळीच नाही. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम पावणेतीन किलोमीटरचे अंतर विमान दोनेक मिनिटांत तोडते. तिथे ते शोभते, कारण मध्ये समुद्र आहे. आमच्या मध्ये सह्याद्री आहे, आणि डोंगरातून रस्ता काढता येतो. आमच्या तालुक्यातल्या शिवडावहून खाली सोनवड्याला उतरणाऱ्या घाटरस्त्याची मागणी आमच्या जन्माआधीची आहे. सर्वेक्षणे, वनखात्याच्या परवानग्या, निवडणुकीतली आश्वासने, सगळे त्याच्या वाट्याला आले. (नारळ किती फुटले, ते खोबरे खाणाऱ्यांनाच ठाऊक!)

म्हणून मला वाटते, आपल्या भागाच्या प्रवासाचा हिशेब धावपट्टीपासून न करता घराच्या उंबऱ्यापासून करावा. विमानतळांवर खर्च जरूर व्हावा. मुंबई-हैदराबादला जाणाऱ्यांची सोय होते. पण भुदरगडच्या माणसाला कोकण जवळ करायचे असेल, तर आधी सोनवड्याचा घाट हवा.

आजोबा गेल्याचा फोन पहाटे आला, तेव्हा आम्ही फोंड्यावरून वळसा घालून निघालो. शिवडावच्या कड्यावरून आईला आपले माहेर खाली दिसते. आम्ही पोचलो तेव्हा माणसे नदीवरून परतत होती.