रंगकामाचे शब्द : दर ठरविण्यापूर्वी

दसरा जवळ आला, की अमरावतीच्या जवाहर गेट परिसरात आणि अकोल्याच्या टिळक रोडवर दुकाने व घरे रंगविण्याची लगबग सुरू होते. सोन्याचा टंच आणि कापसाच्या धाग्याची लांबी पाहून भाव बोलणारा व्यापारी रंगकामाचा व्यवहार मात्र ‘पुट्टी, प्रायमर आणि दोन हात’ एवढ्याच शब्दांवर पक्का करतो. पुढे उद्भवणाऱ्या वादाचे मूळ बहुधा या शब्दांच्या संदिग्धतेत असते.

प्रथम मापाचा विचार करावा. १० बाय १२ फुटांच्या खोलीचे चटईक्षेत्र १२० चौरस फूट असते. उंची १० फूट धरली, तर चार भिंतींचे ४४० आणि छताचे १२० मिळून रंगाचे क्षेत्र ५६० चौरस फूट, म्हणजे ५.६ ब्रास भरते. दर २० रुपये ठरला असे समजल्यास चटईक्षेत्रावर २,४०० रुपये होतात आणि रंगाच्या क्षेत्रावर ११,२०० रुपये. दारे-खिडक्या वजा धरावयाच्या की नाही, हेही आधीच लिहून घ्यावे.

‘पुट्टी’ या एका शब्दात दोन वस्तू दडलेल्या आहेत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पुडीच्या रूपात मिळते. ती पाण्यात कालवून ओलसर केलेल्या गिलाव्यावर लावतात; तिच्याखाली प्रायमर लागत नाही. ॲक्रिलिक पुट्टी तयार लगद्याच्या रूपात येते. ती प्रायमरवर आणि केवळ आतील भिंतींना लावावी. ‘हात’ म्हणजे एक थर. ‘दोन हात’ म्हणताना प्रायमरचा हात त्यात धरला आहे काय, हे विचारावे. ‘ट्रॅक्टर’ हे एशियन पेंट्सचे व्यापारनाव आहे. त्या नावाने डिस्टेंपरही मिळतो आणि इमल्शनही. इमल्शन अधिक टिकाऊ व धुण्याजोगे असते, म्हणून दोहोंचा दर एक असू शकत नाही.

वऱ्हाडात याहून महत्त्वाचे शब्द म्हणजे ‘ओल’ आणि ‘खार’. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. खाऱ्या पाण्यात कालवलेल्या गिलाव्यात क्षार राहतात. भिंतीत ओल शिरली, की ते विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे उरतात आणि रंगाला आतून ढकलतात. मग पोपडे सुटतात. अशा भिंतीवर पुट्टीचा आणखी एक हात देणे म्हणजे बुडीत खात्याला नवे कर्ज देण्यासारखे आहे. आधी ओलीचे मूळ बंद करावे, खार कोरड्या ब्रशने झाडून काढावा आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यानंतर वरून कोरडी दिसणारी भिंतही आतून ओली असू शकते. प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव धरले, तर मुहूर्त जवळ असला तरी रंग थांबवावा.

जैन कुटुंबांनी आणखी दोन प्रश्न विचारणे उचित ठरेल. जुन्या पद्धतीच्या सफेदीत व कोरड्या डिस्टेंपरमध्ये रंग धरून राहावा म्हणून सरस घालीत. हा सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. तसेच रंगाचे अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम धाग्यांचे ब्रश व रोलर बाजारात सहज मिळतात. केवळ आधी सांगावे लागते.

तात्पर्य, अंदाजपत्रकात मोजणीची पद्धत, पुट्टीचा प्रकार, प्रायमर, रंगाचे नेमके नाव, हातांची संख्या आणि ओलीचा उपाय हे सहा मुद्दे स्वतंत्रपणे लिहिलेले असावेत. शेवटचा हप्ता अडवून ठेवण्याची वेळ आली, म्हणजे कारागिराची मजुरी बुडते आणि मालकाची भिंतही बिघडलेलीच राहते. आरंभी स्पष्ट केलेला शब्द दोघांचेही हित राखतो.