मेणबत्ती लावण्याआधी अर्ज लिहा

दरवर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की आमच्या गटातल्या मुलामुलींना विचारणा सुरू होते : "यंदा रोहितचा कार्यक्रम कुठे आहे?" १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हापासून हा दिवस आमच्या दिनदर्शिकेत कायमचा लिहिला गेला आहे. आम्हीही कार्यक्रम घेतो. बॅनर लागतो, मेणबत्त्या लागतात, दोन भाषणे होतात, एखादा शाहीर मित्र डफ घेऊन येतो. गर्दी बऱ्यापैकी असते. रोहितच्या शेवटच्या पत्रातला ताऱ्यांचा भाग कोणीतरी गहिवरून वाचून दाखवते आणि सभा संपते.

त्याच पत्रात शेवटाकडे एक हिशेब आहे. सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, येणे बाकी आहे. ती घरच्यांना मिळेल असे पाहा, असे तो लिहून गेला. तारे सगळ्यांना पाठ आहेत, हिशेबाची ओळ मात्र कोणी वाचून दाखवत नाही. इतक्या वर्षांत आम्हीही दाखवली नव्हती. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली, आणि या लेखाचे मूळ तिथे आहे.

आम्ही मराठवाड्यातल्या एका शहरातले विद्यार्थी. मानवी हक्कांवर काम करणारा आमचा गट लहान आहे. परीक्षेच्या दिवसांत तर चार-पाचच डोकी उरतात. आमचे म्हणणे साधे आहे, पण ते आमच्याच चळवळीतल्या अनेकांना रुचत नाही. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या विद्यार्थ्याचा हक्क मारला जातो तो बहुतेक वेळा कागदावर, खिडकीपाशी, "उद्या या" या दोन शब्दांत. रक्त सांडले की आम्हाला तो अत्याचार दिसतो. कागद अडला की आम्ही त्याला "अडचण" म्हणतो.

दर रविवारी सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्यामागच्या झाडाखाली आम्ही एक टेबल मांडतो. टेबलावर एक जाड रजिस्टर असते. कोणी यावे, काय अडले ते सांगावे. सुरुवातीला आम्हाला वाटले होते की जातीवाचक शिव्या, मारहाण, वसतिगृहातला छळ अशा तक्रारी येतील. त्याही आल्या. पण रजिस्टरची पाने भरली ती शिष्यवृत्तीने, उत्पन्नाच्या दाखल्याने, जात पडताळणीने, अडवलेल्या गुणपत्रिकेने.

भारत सरकार शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आज आमच्यापैकी जे कोणी पदवीधर आहेत त्यांच्या घरात या योजनेचे पैसे एकदा तरी आलेले आहेत. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ही योजना नव्याने मांडली आणि खर्चाची वाटणी ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य अशी ठरवली. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात यायचा. कागदावर ही सुधारणाच आहे. व्यवहारात काय झाले? आधी महाविद्यालय शिष्यवृत्तीच्या नावाने सरकारकडे बोट दाखवायचे, आता ते मुलाच्या खिशाकडे बोट दाखवते. राज्याचा वाटा आला, केंद्राचा नाही. किंवा केंद्राचा आला आणि तो मुलाला कळलाच नाही. किंवा खाते बंद पडलेले. या सगळ्या गोंधळाची वसुली एकाच ठिकाणी होते, आणि ती म्हणजे मूळ कागदपत्रे.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका मुलाची नोंद आमच्या रजिस्टरात आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. बी. ए. पूर्ण झाले, बी. एड.ला नंबर लागण्याइतके गुण होते. महाडीबीटीवरचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहिला होता. पुढे तो सरकला तर आधार जोडलेले होते एका जुन्या खात्याला, आणि ते खाते व्यवहार नसल्याने बंद झालेले. यात त्या पोराचा दोष किती? महाविद्यालयाने सांगितले, फी भरा आणि गुणपत्रिका न्या. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच अधिसूचना काढून बजावले आहे. त्या खिडकीपलीकडच्या माणसाला ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून उपयोग नव्हता. पोरगा चार वेळा गावाहून आला, चार वेळा एसटीचे तिकीट वाया गेले. पाचव्या वेळी कोणीतरी त्याला आमच्या टेबलाकडे पाठवले.

आम्ही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्धे पान मजकूर. प्रश्न एकच : शिष्यवृत्तीची रक्कम न आल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका रोखून धरावी, असा कोणत्या शासन निर्णयाचा आधार आपण घेतला आहे, त्याची प्रत द्यावी. कायद्याने उत्तराला तीस दिवस असतात. तेविसाव्या दिवशी महाविद्यालयातून फोन आला, "गुणपत्रिका घेऊन जा." लेखी उत्तर काही मिळाले नाही, कारण देण्यासारखे उत्तरच नव्हते. पण तोवर बी. एड.ची प्रवेशफेरी संपली होती. पोरगा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागला होता. आम्ही फोन केला तर म्हणाला, "दादा, आता काय करू तिचं?"

या मुलासाठी कोणी मेणबत्ती लावणार नाही. तो जिवंत आहे, पगार घेतो आहे, शनिवारी घरी पैसे पाठवतो आहे. पण एक शिक्षक होता होता राहिला, आणि त्याच्या वस्तीतल्या पुढच्या पाच पोरांनी "शिकून काय झालं त्याचं?" हा प्रश्न शिकून घेतला.

आता आमच्यावरच्या आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप नेहमीचा : विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, चळवळ-बिळवळ करू नये. हे सांगणाऱ्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, तो अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात रस्त्यावर कोण होते? नागसेनवनातले विद्यार्थी होतेच. आणि आजही बोलणाऱ्या विद्यार्थ्याला किंमत मोजावीच लागते. २०२३ साली आयआयटी मुंबईत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखण्याला विरोध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. एप्रिल २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पीएच. डी. करणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून त्याचा अभ्यासाचा मार्ग मोकळा झाला. अभ्यासच करायला हवा म्हणणाऱ्यांनी सांगावे की त्या वर्षभरात त्याचा अभ्यास कोणी थांबवला होता.

दुसरा आक्षेप आमच्या घरातला आहे, म्हणून तो जास्त लागतो. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने भर बैठकीत आम्हाला विचारले, "तुम्ही पोरं सेतू केंद्राचे एजंट झालात का? फॉर्म भरून कुठे क्रांती होते?" हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण काय बोलावे ते पटकन सुचले नाही. उत्तर आता देतो.

काका, २० मार्च १९२७ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पण त्या दिवसाच्या आधी काय होते? १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला आणि मंजूर झालेला ठराव होता. त्यावर आधारलेला महाड नगरपालिकेचा ठराव होता. म्हणजे बाबासाहेब तळ्यावर गेले ते हातात कागद असताना, त्या कागदाला जिवंत करायला. आणि त्या दिवसानंतर काय झाले? तळे खासगी मालकीचे आहे असा दावा सवर्णांनी कोर्टात लावला. तो खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. बाबासाहेबांनी त्या दहा वर्षांत साक्षी, पुरावे, तारखा यांना "हे काय वकिली काम" म्हणून हिणवले नाही. २० मार्चला महाडला लाखो लोक जातात, जायलाच हवे. १७ मार्चची आठवण किती जणांना असते?

आणि गंमत पाहा, तेव्हा प्रतिपक्षाचे म्हणणे होते की तळे आमचे खासगी आहे. आज महाविद्यालयाचे म्हणणे असते की ही आमची अंतर्गत बाब आहे.

तरीही काकांच्या बोलण्यात एक खरा धोका आहे, तो आम्ही मान्य करतो. नुसते फॉर्म भरत राहिले तर आपण व्यवस्थेचे फुकटचे क्लार्क होऊ. म्हणून आम्ही एक नियम केला : एकाच कारणाच्या तीन नोंदी रजिस्टरात आल्या की ती व्यक्तीची अडचण राहत नाही, ती मोहीम होते. मग निवेदन, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांची भेट, आणि तिथे दाद लागली नाही तर धरणे. हा क्रम आम्ही मोडत नाही. धरणे धरताना हातात तीन मुलांचे कागद असले की अधिकारी "चौकशी करतो" म्हणून सुटू शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांचेच घ्या. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे त्यात आहे. आम्ही शहरातल्या महाविद्यालयांत विचारत फिरलो की तुमचा हा अधिकारी कोण. एका ठिकाणी आम्हाला ज्या सरांकडे पाठवले, त्यांनाच ते आमच्याकडून कळले. बिचारे खरोखर दचकले. चांगला माणूस, त्यांनी त्याच आठवड्यात दारावर पाटी लावली. पाटी लागल्यावर पहिली तक्रार यायला पंधरा दिवसही लागले नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. रोहितची आई आणि पायलची आई, या दोघींनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचे मागणे काय होते? हे नियम कागदावरून खाली उतरवा. दोन आयांनी मेणबत्ती खाली ठेवून अर्ज लिहिला, आणि आम्ही मात्र अजून पोस्टर रंगवतो आहोत.

आमच्या चुकाही सांगायला हव्यात. अत्याचाराची घटना झाली की आम्ही सत्यशोधन करायला गावात जायचो. आठ-दहा जण, गळ्यात निळे उपरणे, हातात मोबाइल. एका गावात ज्या बाईच्या मुलाला मारले होते तिने आम्हाला पाणी दिले आणि विचारले, "तुम्ही कितवे?" आमच्या आधी सात टोळ्या येऊन गेल्या होत्या. प्रत्येकाने तिच्याकडून सगळे पुन्हा वदवून घेतले होते, फोटो काढले होते. आणि तिच्याकडे एफआयआरची प्रतसुद्धा नव्हती, जी फिर्यादीला विनामूल्य मिळायला हवी. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे मिळणारी तातडीची मदत तिने ऐकलीही नव्हती. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तो कोणाकडे आहे हे सातांपैकी एकाही टोळीने विचारले नव्हते. आता आम्ही दोघेच जातो, त्यातली एक मुलगी असते. घटना पुन्हा सांगायला लावत नाही. कोणता कागद मिळाला, कोणता मिळाला नाही, एवढेच विचारतो.

दुसरी चूक आणखी बोचरी. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद होते, त्यामुळे ग्रंथालयात बसता येत नाही, अशी तक्रार रजिस्टरात आली होती. "हा जातीचा प्रश्न नाही" म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली. ज्या मुलीने ती लिहिली ती आमच्याच वस्तीतली. तिने आम्हाला सुनावले, "घरी खोली नाही म्हणून ग्रंथालय लागतं. खोली का नाही, ते तुम्हीच भाषणात सांगता ना?" ती आता आमचे रजिस्टर सांभाळते, आणि काय बाजूला ठेवायचे ते आम्हाला विचारत नाही. फाटक अजून सातलाच बंद होते. निवेदन दोनदा दिले आहे, पोच आहे.

यंदा १७ जानेवारीला कार्यक्रम होईल. भाषण एकच ठेवले आहे, आणि त्यात ती हिशेबाची ओळ वाचली जाईल. त्यानंतर तिथेच टेबल लागेल. येताना आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे ते तपासून या, उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटीच्या अर्जाची पावती आणा. ज्यांची कागदपत्रे अडली आहेत त्यांनी कोर्ट फी स्टॅम्पची काळजी करू नये, ते आमच्याकडे आहेत.

हिंगोलीच्या त्या मुलाची गुणपत्रिका त्याने अधिकारपत्र दिल्यामुळे आम्ही आणली. ती आमच्या कपाटात आहे. मार्चमध्ये सुट्टी मिळाली तर येतो म्हणाला आहे. बी. एड.च्या पुढच्या प्रवेशपरीक्षेची तारीख आम्ही त्याला न विचारताच रजिस्टरात त्याच्या नावापुढे लिहून ठेवली आहे.